शेवंताबाईच्या पिल्लांचा गळा कोणी धरला?

अन्याय झाला तो शेवंताबाईवर, आणि झाला बहात्तर सालच्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सकाळी, सोसायटीच्या ओट्यावर. बायका दुसऱ्या दिवशीच्या वारुळाच्या तयारीत, पुरुष दुष्काळी कामावर हजेरी लावायला गेलेले, आणि ओट्यावर पंच कमिटीची चार-पाच डोकी. तेवढ्या डोक्यांनी ठरवलं की, "सदर महिला कोंबडीपालनात हयगय करीत असून पिल्लांची वाढ खुंटली आहे, सबब शेड काढून घेऊन होतकरू सभासदास देण्यात यावी." होतकरू सभासद म्हणजे चेअरमनचे मेहुणे. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो. पत्रकं लिहून लिहून लागलेली सवय आहे. वाचणारा दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकेल याची खात्री कधीच नसते.

मी त्या सोसायटीचा कुक्कुट सुपरवायझर होतो. होतो म्हणजे आता नाही. त्याचं कारण पुढं येईल. पंचविशीही न गाठलेला माणूस नोकरीचे अनुभव कसले लिहितो, असं संपादकांचे एक मित्र म्हणाले म्हणे. त्यांना माझं उत्तर असं की अनुभव यायला वय लागत नाही, चेअरमन लागतो. गाव शेवगाव तालुक्यातलं. नाव मी लिहिलं होतं, संपादकांनी खोडलं. चेअरमनचं आडनावही खोडलं. म्हणून त्यांना नुसतं अण्णा म्हणतो आणि मेहुण्यांना बबनराव. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

सुपरवायझर हा शब्द भारी आहे, काम साधं. सायकल, बर्फाच्या डब्यात कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस, एक सुई आणि उपदेश. गावोगाव कोंबडीपालन योजनेतल्या बायकांना पांढऱ्या विलायती कोंबड्यांची पिल्लं वाटलेली. त्यांना टोचायचं, दिव्याची ऊब किती ठेवायची ते सांगायचं, आणि दर आठवड्याला वजन करायचं. वजन म्हणजे पिल्लू कापडी पिशवीत घालून किराणा दुकानाच्या तागडीला टांगायचं. पहिल्या खेपेला दुकानदार म्हणाला, तागडी बाटली. मी म्हटलं, तिच्यावर तुम्ही आजवर जे तोललंत त्यानं नाही बाटली, तर पिलानं काय बाटणार? त्यानंतर तो मला उधार बिडी देईना. मी बिडी ओढत नाही हा भाग वेगळा.

शेवंताबाई नवऱ्यामागं एकटी राहणारी, तोंडानं फटकळ, हातानं स्वच्छ. सोसायटीनं योजनेत दिलेल्या तिच्या शेडची जमीन तिच्या घराच्या ओसरीपेक्षा जास्त झाडलेली असे. दुपारी ती खडी फोडायला जाई, सकाळ-संध्याकाळ पिल्लांपाशी. अण्णांच्या ठरावात 'हयगय' होती ती ही. बबनरावांची स्वतःची मोठी शेड शेवंताबाईच्या शेडला लागूनच. मधली भिंत पाडली की एक सलग शेड झाली असती, आणि ही भिंत बबनरावांच्या डोळ्यांत कुसळासारखी सलत होती.

आता पिल्लं खुंटली होती हे मात्र खरं. खोटं मी लिहीत नाही, लिहिलं असतं तर नोकरी राहिली असती. पिसं लांब आणि मऊ, अंग मात्र बुटकं. थोरल्या भावाचा कोट घालून शाळेत बसवलेल्या पोरासारखी दिसायची. तुरे फिकट. हाकललं तरी पळायची नाहीत, तुमचं काय म्हणणं आहे असं बघत बसायची. मी जंताचं औषध दिलं. विष्ठा तपासली, रक्त नाही. ऊब ठीक, पाणी ठीक. बबनराव दाराशी येऊन मान हलवायचे.

बबनराव फक्त कोंबड्या पाळत नव्हते, एक टॉनिकही विकत होते. निळी बाटली, तिच्यावर टरारलेल्या कोंबड्याचं चित्र. ते सांगायचे, पिलाच्या मेंदूत एक गाठ असते, तिच्यातून वाढीचा रस पाझरतो, तो कमी पडला की पिलू बुटकं राहतं; हा घ्या तोच रस, बाटलीत. शेवंताबाईनं दोन बाटल्या वापरल्या. पिल्लं टॉनिक पिऊन पुन्हा तशीच बघत बसली.

शेवटी मी दोन पिल्लं टोपलीत घालून राहुरीकडं निघालो. एस.टी.च्या कंडक्टरनं विचारलं, यांचं तिकीट? मी म्हटलं, बारा वर्षांच्या आतली आहेत. तो म्हणाला, मग मांडीवर घ्या. नगरपर्यंत मांडीवर घेतली, आणि पँटीचं जे व्हायचं ते झालं.

राहुरीला एक पशुवैद्य डॉक्टर माझ्या ओळखीचे. त्यांचं नाव मीच लिहिलेलं नाही, कारण त्यांना अजून नोकरी आहे. त्यांनी एक पिलू कापलं आणि गळ्याच्या अगदी मुळाशी, जिथं मान छातीत शिरते तिथं, चिमट्यानं दाखवलं. श्वासनळीच्या दोन बाजूंना दोन लालसर मणी असतात. थायरॉईड म्हणतात. धडधाकट पिलात ते मुगाच्या डाळीएवढे. या पिलात ते भिजवलेल्या शेंगदाण्यासारखे फुगलेले. माणसाला गलगंड होतो तोच हा, फक्त कोंबडीत तो इतका खाली आणि पिसांच्या आत, की बाहेरून कोणाला दिसत नाही.

"काय खातात?" डॉक्टरांनी विचारलं.

मी रुमालात सोसायटीचं खाद्य बांधून नेलं होतं. त्यांनी मूठभर वाटीत घेतलं, कोमट पाणी घातलं, थोडा वेळ झाकून ठेवलं. झाकण काढलं आणि आम्हा दोघांच्या नाकात एकदम झणका गेला. डोळ्यांत पाणी.

"मोहरी," ते म्हणाले. "तुमच्या सोसायटीनं पिल्लांना फोडणी दिलीय."

मग उलगडा झाला. दुष्काळात शेंगदाण्याची पेंड मिळेना. उत्तरेकडून मोहरीची पेंड आली होती, शेताला खत म्हणून घालायला. सोसायटीत ज्यांनी खाद्य कालवलं त्यांचा हिशेब सरळ होता: पेंड ती पेंड. आपल्याकडं मोहरी जाते चिमूटभर, फोडणीत. तिची पेंड पोत्यानं कधी कोणी पाहिलेली नव्हती. त्यामुळं तिच्यात गळा धरणारं विष असतं हे कोणाच्या गावी नव्हतं. इथपर्यंत मी कोणाला दोष देत नाही. दोष पुढं सुरू होतो.

मी डॉक्टरांना बबनरावांच्या निळ्या बाटलीबद्दल विचारलं. डोक्यातला रस कमी पडतो हे खरं का? डॉक्टर हसले. म्हणाले, पहिली गोष्ट, तो रस खरोखर बाटलीत असता तरी पिलानं तो डाळीसारखा पचवून टाकला असता, पोटातून तो लागू पडत नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त मजेची. मेंदूच्या बुडाशी मोहरीच्या दाण्याएवढी गाठ असते हे बरोबर, तिथून वाढीचा रस निघतो हेही बरोबर. पण गळ्यातल्या ग्रंथीचा रस आटला की डोक्यातली गाठ सुस्तावत नाही, उलट फुगते. "माझा अंदाज असा," ते म्हणाले, "की कोंबडीत गळ्याचा रस हा डोक्याच्या रसाला लगाम घालत असावा. लगाम सुटला की डोकं वाढीचा रस जास्तच सोडत असेल. कोंबडीच्या रक्तात तो मोजायची सोय आपल्याकडं अजून नाही, म्हणून छातीठोक सांगत नाही. पण पैज लावायची तर मी तिकडं लावीन."

मी म्हटलं, मग जास्त रस असून पिलू वाढत का नाही?

"कारण तो रस नुसता हुकूम आहे. तो अंगाला लागायला गळ्याचा रस लागतो. असं समज, तालुक्यात काम होत नाही, म्हणून सचिवालय आणखी परिपत्रकं काढतं. परिपत्रकं वाढली म्हणून रस्ता होतो का?"

हे वाक्य मी तिथंच पाठ केलं. असं वाक्य पत्रकवाल्याला आयुष्यात एकदा मिळतं.

गावी येऊन मी पत्रक काढलं. चार पानी, सायक्लोस्टाइल, मथळा: 'पिल्लांचा गळा कोणी धरला?' त्यात थायरॉईड होती, दुष्काळ होता, सहकारातली घराणेशाही होती, आणि शेवटी, कशी कोण जाणे, व्हिएतनामही होतं. गावानं ते आवडीनं घेतलं. चार पानं असल्यामुळं त्याच्यात बरंच काही बांधता येत होतं. भज्यांच्या गाडीवर मला माझाच तिसरा परिच्छेद तेलकट होऊन परत मिळाला.

पोळा झाल्यावर चावडीसमोर सभा भरली. विषय चाराछावणीचा होता, पण अण्णांनी माझं पत्रक फडकावलं. अण्णा वाईट माणूस नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो: त्यांना फक्त नातेवाईक फार आहेत. "काय पत्रकवाले," ते म्हणाले, "सोसायटीच्या खाद्यात विष हाय म्हनता? बाईला पिल्लं सांभाळता येईनात म्हनून खाद्याला बोल? आमचं खाद्य एक नंबर हाय."

मी उठलो आणि बोललो. फार चांगलं बोललो, असं माझं मत आहे. पोषणद्रव्यं, ग्रंथी, शोषण, सगळं आलं. लोक शांत होते. नंतर कळलं की पहिल्या रांगेतले तिघं झोपले होते.

मग शेवंताबाई बायकांच्या घोळक्यातून उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "अण्णा, एक नंबर खाद्य हाय, तर बबनरावांच्या कोंबड्यांनी काय पाप केलं? त्यांना का नगरचं खाद्य घालता? त्यांनाबी द्या की आमचं, गरिबाघरचं."

सभा हसली. झोपलेले तिघंही हसले. अण्णांनी मेहुण्यांकडं पाहिलं. आता यात बबनरावांनी काय करायला हवं होतं? पाठ दुखते म्हणून घरी जायला हवं होतं. पण बबनरावांचा आपल्या निळ्या बाटलीवर स्वतःचाही विश्वास बसला होता. विकणाऱ्याचा मालावर विश्वास बसणं यासारखा दुसरा धोका नाही. ते ताठ उभे राहिले. त्यांनी नुकतीच नवीन पिल्लं आणली होती. भर सभेत ते बोलले, अर्ध्या पिल्लांना सोसायटीचं खाद्य घालतो, अर्ध्यांना नगरचं, मधी जाळी. आन् बाईला नगरचं देतो. तवर शेड बाईकडंच, दसऱ्यानंतर बघू.

दुसऱ्या दिवशी पोत्यांची अदलाबदल झाली. इकडची बैलगाडी तिकडं, तिकडची इकडं. आमच्याकडं एका घरची मुलगी दुसऱ्या घरी आणि त्या घरची या घरी देतात, त्याला साटंलोटं म्हणतात. गावानं पोत्यांचं साटंलोटं ठरवलं. कोणीतरी खरोखरच पोत्यांना हळदीकुंकू लावलं, आणि मारुतीच्या पारावरच्या म्हाताऱ्यांनी बबनरावांना विचारलं, मानपान नीट झाला ना?

पुढं काय झालं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मजेत झालं. शेवंताबाईची पिल्लं आधी पायांत ताठली. मग भांडायला लागली. कोंबडी भांडायला लागली की समजावं ती बरी आहे. हे माणसांनाही लागू आहे. तुऱ्यांवर रंग आला. तागडीत पिशवी खाली जाऊ लागली, आणि आता दुकानदार स्वतः येऊन काटा बघू लागला, कारण गावात पैजा लागल्या होत्या.

जाळीपलीकडं मात्र बबनरावांच्या शेडमध्ये दोन देश झाले होते. एका बाजूला नगरचं खाद्य खाणारी उंच, आगाऊ पिल्लं. दुसऱ्या बाजूला तीच पिल्लं, त्याच दिवशी अंड्यातून निघालेली, लांब पिसांचे कोट घालून शांत बसलेली. बबनरावांनी टॉनिक दुप्पट केलं. मग तिप्पट. पाण्याची भांडी निळी दिसू लागली. पिल्लं प्यायची आणि त्यांच्याकडं बघायची. ती नजर मला ओळखीची होती.

एका दुपारी मी शेवंताबाईच्या शेडमध्ये टोचायला गेलो होतो, तर दारात बबनराव. हातात जेवणाचा डबा, रिकामा. मला पाहून ते परत फिरणार होते, पण शेवंताबाईनं हाक मारली.

"या की भाऊ. भाकरीसंगं कोरड्यास पायजे का?"

"न्हाई, तसं न्हाई. थोडं ते, नगरचं खाद्य हुतं ना, ते जरा."

"तुमच्याच घरचं हाय. त्या बाजूच्या पिल्लांना सपलं व्हय?"

"त्यांना न्हाई. दुसऱ्या बाजूला. घरच्या पोत्यांवर पैजवाल्यांची नजर हाय. तोंडाला चव म्हनून."

शेवंताबाईनं डबा घेतला, काठोकाठ भरला, वर बोटानं दाबून भरला आणि झाकण लावून दिला. "घ्या. चव लागली तर परत या. पन भाऊ, माझी पिल्लं अशीच बसून ऱ्हायची, तवा तुमी म्हनला हुता बाईचं लक्ष न्हाई. तुमचं लक्ष हाय ना?"

बबनराव डबा घेऊन गेले. मला वाटलं होतं हसू येईल. आलं नाही. तो माणूस घाबरलेला होता, आणि त्याला आपली पिल्लं खरोखर जगवायची होती. हे मी माझ्या कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही, कारण पत्रकात ते बसत नाही.

दसऱ्यानंतर डॉक्टर आले, सुट्टी काढून, स्टँडपासून सायकलवर माझ्या मागं बसून. चावडीसमोर पितळेची दोन ताटं मांडली. माळकऱ्यांनी पाठ फिरवली आणि खांद्यावरून बघत राहिले. डॉक्टरांनी बबनरावांना सांगितलं, दोन्ही बाजूंचं एकेक पिलू तुम्हीच निवडा, सगळ्यांत चांगलं असेल ते. बबनरावांनी निवडलं. डॉक्टरांनी कापलं आणि दोन्ही ताटांत गळ्याचे मणी वेगळे करून ठेवले. एका ताटात दोन डाळी, दुसऱ्यात दोन शेंगदाणे. सांगायला काही उरलंच नव्हतं. तरी डॉक्टरांनी सांगितलं, डोकं, गळा, लगाम, आणि शेवटी सचिवालय आणि परिपत्रकं.

पहिल्यांदा एक म्हातारा हसला. मग ज्यांच्या गावचा रस्ता तीनदा मंजूर होऊन अजून झालेला नव्हता, असे सगळे हसले. म्हणजे सगळेच. अण्णा उठले. "ही सरकारवर टीका हाय," ते म्हणाले.

"नाही हो," डॉक्टर म्हणाले, "ही कोंबडी आहे."

मोहरीची पेंड दुसऱ्या दिवशी खाद्यातून गेली. तिची पोती उसाला घातली, जिथं ती पहिल्यापासून जायला हवी होती. निळ्या बाटल्या बबनरावांच्या माळ्यावर आहेत. जाळीपलीकडची पिल्लं त्यांनी नगरच्या खाद्यावर आणली आणि त्यातली बरीचशी सावरली. काही कायमची बुटकी राहिली. शेवंताबाईच्या तलंगा, म्हणजे तीच वयात आलेली पिल्लं, थंडीत अंड्यावर आल्या. पहिलं अंडं तिनं माझ्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, मी खात नाही, घरी चालत नाही. ती म्हणाली, "मग कशापायी भांडलात वो एवढं?" या प्रश्नावर मी अजून पत्रक काढलेलं नाही.

माझं मात्र कमिटीनं ठरवलं. कामाच्या वेळेत पत्रकं वाटली, सबब कमी करण्यात येत आहे. आरोप खरा होता. पिल्लं दिवसा जागी असतात, मीही दिवसाच जागा असतो, पत्रक वाटायचं तरी कधी? खंत आहे ती नोकरीची नाही. खंत अशी, की चार पानं खर्चून मला जे जमलं नाही ते एका बाईनं पदर नीट करत एका वाक्यात केलं, आणि त्या बाईची शेड अजून सुरक्षित नाही.

कारण पेंड गेली, ठराव गेला नाही. ताटांच्या त्या दिवशी अण्णा म्हणाले, ठराव तूर्त तहकूब. तहकूब म्हणजे रद्द नव्हे. वर्ष झालं. पाऊस झाला, लोकांना पिकं दिसायला लागली, ताटं विसरली. आता सोसायटीच्या फळ्यावर वार्षिक सभेची नोटीस लागली आहे, दिवाळीनंतरची. विषयपत्रिकेत शेवटून दुसरा विषय: 'तहकूब ठरावांची अंमलबजावणी.' शेवंताबाईचं नाव कुठंच नाही. ते असायचं कारणही नाही. नाव आलं की माणूस आठवतो.

आणि आपल्या सभा कशा होतात ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. सेक्रेटरी भराभरा वाचतो, तोवर चहाचे कप फिरायला लागलेले असतात. तो मान वर करून विचारतो, "मंजूर?" आणि सगळे एका सुरात "मंजूर, मंजूर" म्हणतात, काय मंजूर केलं हे न ऐकता. असेच ठराव होतात. वाईट माणसं लागत नाहीत त्याला. चहा पुरतो.

हा अंक शेवगाव तालुक्यात बराच जातो असं संपादक सांगतात. म्हणजे तुमच्यातले पुष्कळ जण त्या सोसायटीचे सभासद आहेत. मी सभासद नाही, मला आत येऊ देणार नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो. सभेला जा. शेवटून दुसऱ्या विषयापर्यंत थांबा. चहा आला तर खाली ठेवा. सेक्रेटरीनं "मंजूर?" विचारलं की उभे राहा, आणि मोठ्यानं म्हणा, "नामंजूर. शेड शेवंताबाईची." एवढे तीन शब्द. तुमच्या शेजारचा वर बघेल. त्यालाही उठवा.